धोट्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तुम्ही गिरणीतले आहात, चार शब्द लिहा, असा आग्रह मंडळाच्या कार्यकर्त्यांनी धरला. गिरणीवाला म्हटले की संप, भोंगा, चाळ, बंद पडलेल्या गिरण्या हे विषय ठरलेले. त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि चांगले लिहिले आहे. आम्ही या ठिकाणी वेगळा विषय घेत आहोत. यंत्राला हात कोणी लावायचा आणि कोणी लावायचा नाही, हे या देशात कसे ठरत आले, आणि ते बदलण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी व त्यांच्या मागून आपल्या माणसांनी काय काय केले, त्याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

हा विषय घेण्याचे कारण असे. आज आपल्या वस्तीत घरोघर एकच बोलणे ऐकू येते. पोरगा इंजिनिअर झाला पाहिजे, पोरगी कॉम्प्युटरला गेली पाहिजे. चांगली गोष्ट आहे. पण त्याच पोराला विचारले, की बाबा रे, तुला ही शिष्यवृत्ती मिळते, राखीव जागा मिळते, ती आली कुठून? तर तो म्हणतो, "सरकार देतं." सरकार देतं हे खरं. पण सरकारच्या तिजोरीतून ते कोणी काढायला लावलं, कोणत्या साली, कोणता मुद्दा मांडून, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. ज्याला आपल्या हक्काचा उगम ठाऊक नाही, त्याला वर्गात कोणी 'फुकट्या' म्हटले तर तो मान खाली घालतो. ती मान खाली जाऊ नये एवढ्यासाठी हा लेख.

धोट्याचा विटाळ

नव्या पोरांनी साचा म्हणजे माग पाहिलेला नाही, म्हणून आधी तो समजावून सांगतो. कापडात उभा धागा असतो तो ताणा आणि आडवा धागा तो बाणा. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा जो लाकडी तुकडा, त्याला धोटा म्हणतात. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना लोखंड. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवायची. कांडी संपली की दुसरी घालायची आणि नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. हे बोटाने करत बसले तर वेळ जातो. म्हणून कामगार भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, की सूत सुर्रकन बाहेर. दिवसभरात असे कितीदा तरी करावे लागे आणि एकाच धोट्याला पाळीपाळीने निरनिराळ्या माणसांची तोंडे लागत.

विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच रीत होती. तिथे या रीतीबद्दल ओरड झाली ती रोग पसरतो म्हणून. आपल्याकडे ओरड झाली ती विटाळ होतो म्हणून. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणाले आणि त्या एका भोकापायी साचेखात्याचा अख्खा दरवाजा आपल्या वाडवडिलांना बंद झाला. साचेखात्यात मजुरी नगावर आणि गिरणीतल्या चांगल्या मजुरीपैकी. रिंग खात्यात मजुरी कमी. आपली माणसे रिंग खात्यात, नाहीतर झाडलोट आणि हमालीत. पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करून पोट भरणारी कितीतरी माणसे आपल्यात होती. खेड्यात हातमागावर विणलेले चालत होते, पण मुंबईच्या यंत्रावर त्यांना विणू दिले नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साचा आंधळा असतो. त्याला जात कळत नाही. पुष्कळ शहाणी माणसे तेव्हा म्हणत होती आणि आजही म्हणतात, की यंत्रे आली, रेल्वे आली, शहरे वाढली, की जात आपोआप गळून पडेल. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात निघाली. त्यानंतर सत्तर-पाऊणशे वर्षांनीसुद्धा साचेखात्याचा दरवाजा बंदच होता. म्हणजे यंत्र आले, पण यंत्राच्या अंगाला जात चिकटवून मगच ते चालू केले. आपोआप काही गळून पडत नसते, हा धोट्याने शिकवलेला पहिला धडा.

१९२८ चा संप आणि एक मागणी

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. संयुक्त संप समितीने मालकांपुढे १७ मागण्या ठेवल्या होत्या. पगारकपात नको, कामाचा बोजा नको, या सगळ्या रास्त मागण्या. पण साचेखात्यात अस्पृश्यांना मज्जाव आहे याबद्दल कोणी बोलायला तयार नव्हते. बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना बजावले, की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क तुम्ही मान्य करणार नसाल, तर आमच्या लोकांना आम्ही या संपापासून दूर राहायला सांगू. तेव्हा कुठे नाखुशीने ती मागणी पुढे गेली.

ती मालकांपुढे आली तेव्हा मालक काय म्हणाले? हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही! चरित्रकार धनंजय कीर यांनी हे नोंदवले आहे. मालकाचे म्हणणे सोयीचे होते, त्याचा फायदाच होत होता. पण त्यात खोटे काय होते? मज्जाव केला होता तो शेजारी घाम गाळणाऱ्या भावाने. मालकाशी लढताना जो आपल्या खांद्याला खांदा लावतो, तो धोट्याशी आला की अंग चोरतो. बाबासाहेब हे उघड बोलले म्हणून त्यांना फूटपाड्या म्हणणारे निघाले. फूट आधीपासून होती. त्यांनी फक्त ती दाखवली.

त्याच साली मुंबई सरकारने स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली अहवाल आला. त्यात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे तर आहेतच, पण त्याबरोबर गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपात उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आणि इंजिनिअरिंग शिकण्यासाठी परदेशी जाण्याची शिष्यवृत्ती, अशाही शिफारशी आहेत. १९३० साल ध्यानात घ्या. आपली माणसे तेव्हा महाडच्या तळ्यासाठी कोर्टात आणि नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रहात झगडत होती. आणि त्याच वेळी दुसरीकडे हा माणूस इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीचा मजकूर अहवालात घालून घेत होता. एका हाताने पाण्याचा हक्क, दुसऱ्या हाताने यंत्राचा हक्क.

मनमाड, १९३८

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे तिथलेच भाषण. हे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात पुढे जे बारकाईने सांगितले आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. वर्कशॉपात त्याला मेकॅनिक करत नाहीत. चार्जमन, फोरमन तर दूरच. तो हमाल म्हणून येतो आणि हमालच राहतो. बाबासाहेबांनी ही अशी एकेका जागेची यादीच वाचून दाखवली.

यात मोठी शिकवण आहे. नोकरी मिळाली म्हणजे झाले, असे ते कधी म्हणाले नाहीत. आत शिरल्यावर वर चढण्याची शिडी आहे का, हे ते बघत. आजच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ज्याला मोठमोठी नावे देतात, तो प्रश्न मनमाडच्या माळावर गँगमन लोकांसमोर तेव्हाच मांडला गेला होता.

विज्ञानासाठी मागितलेले पैसे

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात ते आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. शब्दकोश शेजारी घेऊन आम्ही ते वाचले आणि ज्याला ज्याला इंग्रजी येते त्याने ते वाचावे असे आमचे सांगणे आहे.

त्यातला मुद्दा असा. आपली पोरे वकिलीला, बी. ए. ला जातात, कारण ते शिक्षण त्यातल्या त्यात स्वस्त. त्याने त्या पोराचे किंवा समाजाचे फारसे भागत नाही. समाजाला वर काढील ते विज्ञानाचे आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण. पण त्याचा खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा आहे. म्हणून सरकारने तो उचलावा. आणि मग आकडे दिले. देशातल्या विद्यापीठांत व तांत्रिक संस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी दरसाल २ लाख रुपये. इंग्लंड, युरोप, अमेरिकेत तेच शिकायला जाणाऱ्यांसाठी दरसाल १ लाख रुपये. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घेण्याची मागणी वेगळीच.

बंधू-भगिनींनो, हे १९४२ साल आहे. महायुद्ध चाललेले, चलेजावची चळवळ पेटलेली. आणि स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पंडित असलेला हा माणूस आपल्या पोरांना सांगतो, माझ्यासारखे वकीलच होऊ नका, प्रयोगशाळेत जा! १९४४ साली केंद्र सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. पोरांच्या बँकेच्या खात्यात उशिरा का होईना जी रक्कम पडते, तिचे मूळ या निवेदनात आहे. ती कुणाची मेहेरबानी नाही. आकडे मांडून, वाद घालून घेतलेली ती चीज आहे.

मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांकडे पाणी आणि वीज हे विषयही होते आणि युद्धकाळात कारागीर तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षण योजनाही त्यांच्याच खात्यात होती. बंगालात १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. चौकशी समितीवर शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखी योजना दामोदरवर व्हावी असा विचार पुढे आला आणि १९४५ साली त्याबद्दलच्या परिषदा बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले.

हे मेघनाद साहा कोण? ताऱ्यांच्या उष्णतेचा हिशेब सांगणारे त्यांचे समीकरण १९२० सालचे, जगभर शिकवतात. जन्म ढाक्याजवळच्या खेड्यात, गरीब दुकानदाराच्या घरी, बंगालात खालच्या मानल्या गेलेल्या जातीत. कलकत्त्याला वसतिगृहात त्यांना जेवायला बाकीच्या मुलांच्या पंगतीत बसू देत नव्हते. आणि आपले बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवायला फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून पोरांनी धावत जाऊन ते उचलले. एकाला ताटावरून उठवले, एकाच्या वाटेतले डबे उचलले. आणि देशाच्या नदीला बांध कसा घालायचा, हे ठरवायला हीच दोन माणसे लागली!

कॉलेजे, कायदा आणि कारखाने

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. कला आणि विज्ञान, दोन्ही शाखा. नोकरी करणाऱ्यांना जमावे म्हणून सकाळचे वर्ग. म्हणजे पोट भरणारा माणूसही शिकू शकेल असे वेळापत्रक. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले, ज्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचा दुष्काळ होता तिथे. कॉलेजला विज्ञान शाखा काढणे म्हणजे खर्चाचे काम. भिंगे, तराजू, रसायने, गॅस, सगळेच विकत. नुसत्या खडू-फळ्यावर भागत नाही. तरी ती काढली, कारण १९४२ च्या निवेदनातला विचार मनात पक्का होता.

त्या पिढीतले एक नाव सांगतो. नामदेव निमगडे. विदर्भातल्या सातगावचे. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळेत गेले आणि वर्गात बसू देत नाहीत म्हणून व्हरांड्यातून ऐकून शिकले. नागपूरला शेतकीची पदवी, दिल्लीला कृषी संशोधन संस्थेत पुढचे शिक्षण, आणि १९६२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची मृदाशास्त्रातली डॉक्टरेट. ज्याच्या बापजाद्यांना स्वतःची जमीन नव्हती, तो मातीचा शास्त्रज्ञ झाला. आपल्या पोरांच्या धड्यात हे नाव नाही. निदान आपल्या स्मरणिकेत तरी असू द्या.

आता कायद्याचे. राज्यघटना १९५० साली लागू झाली आणि लगेच मद्रासेत खटला उभा राहिला. तिथे मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या जागा जातवार वाटण्याचा सरकारी आदेश होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यावर त्याच साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ मध्ये चौथे पोटकलम आले. मागासवर्गीयांच्या शिक्षणातल्या राखीव जागांचा पाया तो. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती व्हायला जी कारणे झाली, त्यात डॉक्टर-इंजिनिअर कोणी व्हायचे हा झगडा होता, हे नीट ध्यानात ठेवा. कारण सगळ्यांना ठाऊक होते, की पुढच्या काळातली खरी सत्ता तिथे आहे.

१९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तीच आपली आय. टी. आय. १९६१ साली उमेदवारांचा, म्हणजे अप्रेंटिस कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा आल्या. त्याच १९७३ साली आय. आय. टी. त राखीव जागा सुरू झाल्या. मनमाडच्या भाषणात मेकॅनिकची जागा मागितली, त्याला पस्तीस वर्षे झाली होती.

आय. टी. आय. ला आजकाल पोरे नाक मुरडतात. पण आपल्या वस्तीचा हिशेब मांडून बघा. बाप गिरणीत बदली कामगार, पोरगा आय. टी. आय. करून रेल्वेत, बी. ई. एस. टी. त, माझगाव डॉकमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, आणि नातू इंजिनिअर. फिटर बापाच्या घरी पगाराची तारीख ठरलेली असते, पोराच्या फीची बेगमी होते, भिंतीला लावलेले अभ्यासाचे टेबल येते. मधली पायरी नसती तर तिसरी आली नसती. आणि ही पायरी सरकारी व मोठ्या कारखान्यांच्या कायम नोकरीच्या जोरावर उभी होती.

पायरी हलली

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. आम्ही त्या संपानंतर काही वर्षांनी बदलीवर लागलो. तोवर खाती अर्धी रिकामी झाली होती. आता साचेखात्यात कोणी कोणाला अडवत नव्हते, पण साचेच भंगारात चालले होते. दार उघडले तेव्हा घर मोडीत निघालेले!

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. जागा वाढल्या, त्याबरोबर फीही वाढली. १९९१ नंतर खासगी कंपन्यांचा जमाना आला. कॉम्प्युटरच्या कंपन्यांत राखीव जागा नाहीत. सरकारी खात्यांत कंत्राटी भरती आली आणि कंत्राटदाराला बिंदुनामावली लागत नाही. म्हणजे शिडी होती तिथून उचलली आणि नवी शिडी दुसऱ्या भिंतीला लावली.

वरच्या मजल्याचे तर निराळेच. १९७५ साली केंद्र सरकारच्या आदेशाने संशोधनाच्या कामातल्या काही वरच्या शास्त्रीय व तांत्रिक पदांना राखीव जागांतून वगळण्याची मुभा दिली गेली. २००६ साली केंद्रीय संस्थांतल्या प्रवेशांत राखीव जागांचा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात काही संस्था वगळल्या. त्यात आपल्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचे नाव आहे. कारण काय, तर गुणवत्ता! साचेखात्यातही म्हणायला एक कारण होतेच. कारणे बदलतात, दरवाजा तोच राहतो.

आत गेलेल्यांचे काय होते तेही सांगितले पाहिजे. दिल्लीच्या एम्स या मोठ्या वैद्यकीय संस्थेत आपल्या विद्यार्थ्यांना कसे वागवतात, हे बघायला डॉ. सुखदेव थोरात यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २००७ चा. वसतिगृहात वेगळे पाडणे, शिक्षकांनी मदत न करणे, हे त्यात नोंदवले आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, ती आदिवासी समाजातली. दोघांच्या आयांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पोर गमावल्यावर दुसऱ्यांच्या पोरांसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या त्या दोन आयांना आमचे वंदन.

कारखान्यातही हेच बारीक स्वरूपात चालते. आमच्या ओळखीचा एक पोरगा, कारखान्याचे नाव लिहीत नाही. आय. टी. आय. त पहिल्या वर्गात पास झालेला, तरी तीन वर्षे त्याच्या हातात पाना दिला नाही. फक्त जागा पुसायची आणि साहेबाचे सामान उचलायचे. तोंडाने कोणी जात काढली नाही. फक्त मशीनजवळ जाऊ दिले नाही.

आणि उलट बाजू बघा. जिथे यंत्र हवे आहे तिथे आपला माणूस उतरवतात. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा कडक कायदा २०१३ साली झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताचे यान चंद्रावर उतरले, आम्हीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्याच सालच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला गटारात गुदमरून मरणाऱ्यांच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. चंद्रावर उतरणारे यंत्र करता येते आणि गटारात उतरणारे करता येत नाही, असे कसे? ते करणाऱ्यांच्या घरचे कोणी त्या गटारात उतरत नाही, हेच त्याचे उत्तर. म्हणून प्रयोगशाळेत आपली पोरे हवीत. नुसत्या पगारासाठी नव्हे. कोणता प्रश्न आधी सोडवायचा हे तिथे ठरते, म्हणून.

आता आपण काय करायचे

इतिहास सांगून थांबलो तर बाबासाहेबांनी आकड्यांनिशी काम करायला शिकवले त्याचा उपयोग काय? तेव्हा थोडे कामाचे बोलतो.

पहिली गोष्ट. विज्ञानाचा रस्ता बारावीला तुटत नाही, तो सातवी-आठवीला गणितात तुटतो. अपूर्णांक कच्चे राहिले की बीजगणित कच्चे, मग पोरगा म्हणतो मला आर्ट्सच बरे. विहाराच्या अभ्यासिकेत दहावीच्या पोरांकडे सगळे लक्ष देतात. सातवीच्या पोरांना रविवारी दोन तास गणित शिकवणारा माणूस आधी शोधा. वस्तीत जे कोणी इंजिनिअर, डिप्लोमावाले, लॅब टेक्निशियन आहेत, त्यांनी महिन्याला दोन रविवार द्यावेत. जयंतीच्या वर्गणीपेक्षा ही वर्गणी मोठी.

दुसरी गोष्ट. कागद. जातीचा दाखला आहे, पण पडताळणी नाही म्हणून प्रवेश हुकलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. आजोबाचा शाळेचा दाखला गावाकडे, गावाची शाळा बंद, आणि प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर! अकरावी सायन्सला नाव घातले की त्याच वर्षी जात पडताळणीचा अर्ज टाका. मंडळाने दोन कार्यकर्ते याच कामाला नेमावेत.

तिसरी गोष्ट. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. केंद्राचीही वेगळी आहे. १९४२ साली मागितलेला १ लाख रुपया तो हाच, रूप बदलून आलेला. तो आपल्या चाळीपर्यंत येत नाही, कारण जाहिरात कोणी वाचत नाही. विहाराच्या फळ्यावर जसा वंदनेचा कार्यक्रम लिहितो, तसाच शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या तारखा लिहा.

चौथी गोष्ट आयाबहिणींसाठी आणि त्याहून जास्त बापांसाठी. पोराला कर्ज काढून इंजिनिअरिंगला घालतो आणि पोरीला म्हणतो, तुला काय करायचंय, बी. ए. कर. घरात एक मोबाइल असला तर तो पोराच्या हातात. साचेखात्याचा दरवाजा दुसऱ्यांनी आपल्याला बंद केला होता. हा आपण आपल्याच लेकीला बंद करतो. हे चालणार नाही.

पाचवी गोष्ट, जी पोरे वर गेली आहेत त्यांना. कंपनीत लागलात, चांगले झाले. तिथे उमेदवार घेतात, भरती होते, ओळखीने माणसे लागतात. गिरणीत जॉबर आपल्या गावाची, आपल्या नात्याची माणसे भरायचा, त्याला आपण शिव्या घातल्या. तुम्ही जॉबर होऊ नका, पण जागा निघाली एवढी बातमी तरी वस्तीत कळवा. बातमी कळणे हीच अर्धी नोकरी असते.

धोटा आता वस्तुसंग्रहालयात गेला. पण त्याला तोंड लावू दिले नाही म्हणून ज्यांची मजुरी गेली, त्यांची आपण पोरे आणि नातवंडे आहोत. त्यांना विणता येत नव्हते म्हणून ते मागे राहिले नाहीत, त्यांना साच्यापाशी उभे राहू दिले नाही म्हणून राहिले. एवढे ज्या पोराला समजले, तो कॉलेजात कोणापुढेही मान खाली घालणार नाही. आणि पुढे जेव्हा त्याच्या हाताखाली यंत्र येईल, तेव्हा तो दुसऱ्या कोणाला त्यापासून दूर लोटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

जय भीम!